वाचकांचे प्रश्न : दुसरा फोटॉन येतो कुठून?

एकल फोटॉन स्रोतांबद्दल, म्हणजे एका वेळी प्रकाशाचा एकच कण (फोटॉन) सोडणाऱ्या साधनांबद्दल, आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. बहुतेकांना 'जी-टू खाली कसा आणायचा' एवढंच हवं आहे, म्हणून तो आकडा म्हणजे काय ते आधी. स्रोताचा प्रकाश निम्मा-निम्मा वाटणाऱ्या बीम स्प्लिटरवर पाडायचा, दोन्ही बाजूंना एकेक डिटेक्टर ठेवायचा आणि दोन्ही एकाच वेळी किती वेळा नोंद देतात ते मोजायचं. निव्वळ योगायोगाने जेवढ्या वेळा तसं व्हायला हवं त्याच्याशी या मोजणीचं गुणोत्तर म्हणजे शून्य विलंबाचा जी-टू. फोटॉन खरोखर एकटा असेल तर तो दोन्हीकडे सापडत नाही आणि जी-टू शून्य येतो. ही मांडणी हॅनबरी ब्राऊन आणि ट्विस यांची, १९५६ सालची. अणूतून फोटॉन एकेकटे सुटताना पहिल्यांदा दाखवले ते रोचेस्टर विद्यापीठात लेनर्ड मँडेल यांच्या गटाने, १९७७ मध्ये, सोडियमच्या अणूंवर.

प्रश्न : लेझरचा प्रकाश फिल्टर लावून अगदी मंद केला, इतका की एका स्पंदात सरासरी एक फोटॉनही नसेल, तर तो एकल फोटॉन स्रोत होत नाही का? — भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, सांगली

नाही. लेझर कितीही मंद करा, जी-टू १ च राहतो. सरासरी ०.१ फोटॉन प्रति स्पंद धरली तर १०० पैकी साधारण ९० स्पंद रिकामे जातात, ९ मध्ये एक फोटॉन असतो आणि सुमारे अर्ध्या टक्क्यात दोन किंवा जास्त. म्हणजे रिकामे नसलेल्या स्पंदांपैकी जवळजवळ ५ टक्के अशुद्ध. सरासरी आणखी उतरवली की हे प्रमाण घटतं, पण रिकामे स्पंदही त्याच हिशेबाने वाढतात. क्वांटम की वितरणात (फोटॉन पाठवून गुप्त किल्ली वाटण्यात) असा मंद लेझर सर्रास वापरतात, पण तिथे वेगवेगळ्या तीव्रतेचे स्पंद मिसळून चोरी पकडण्याची 'डिकॉय' पद्धत सोबत लागते. फोटॉनांच्या व्यतिकरणावर चालणाऱ्या क्वांटम संगणनात ही पळवाट चालत नाही.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेझर बीबीओ स्फटिकातून पाठवून ८१० च्या फोटॉन जोड्या तयार करतो. एक फोटॉन हेराल्ड, म्हणजे जोडीदार आल्याची वर्दी देणारा, दुसरा बीम स्प्लिटरवर. सेकंदाला नोंदी अशा : हेराल्ड २,२०,०००, स्प्लिटरनंतरचे दोन डिटेक्टर प्रत्येकी १,२०,०००, हेराल्डशी जुळणाऱ्या प्रत्येकी ९,०००, तिन्ही एकत्र ६६. जुळणीची खिडकी (एवढ्या वेळात आलेल्या नोंदी एकत्र धरायच्या) २५ नॅनोसेकंद. जी-टू ०.१८ येतो. १० नॅनोमीटरचे फिल्टर काढून ३ नॅनोमीटरचे लावले तर मोजणी कोसळली आणि जी-टू उलट ०.२२ झाला. काय चुकतंय? — विद्यार्थी, पुणे

तुमचं गणित बरोबर आहे : तिहेरी नोंदी गुणिले हेराल्ड, भागिले दोन्ही दुहेरींचा गुणाकार, म्हणजे ६६ × २,२०,००० ÷ (९,००० × ९,०००) = ०.१८. सगळे आकडे पाठवलेत हे फार चांगलं केलंत, कारण रोग त्यांच्यातच दिसतो. शुद्धता वाढवायची म्हणजे फिल्टर अरुंद करायचा असं घाईने ठरवू नका. आधी तो जादा फोटॉन कुठून येतो ते शोधा. उगम वेगळा, तर उपायही वेगळा.

पहिला संशयित योगायोग. हेराल्ड आणि पहिला डिटेक्टर जुळले की त्याच २५ नॅनोसेकंदांत दुसऱ्यावर भलत्याच जोडीतला फोटॉन येण्याची शक्यता १,२०,००० × २५ नॅनोसेकंद, म्हणजे ०.००३. नऊ हजारांना त्याने गुणा, २७ येतात. दुसऱ्या बाजूनेही तेवढेच. म्हणजे तुमच्या ६६ तिहेरींपैकी ढोबळमानाने ५४ योगायोगाच्या आहेत. स्फटिकाचा त्यात काही दोष नाही, खिडकीच मोठी आहे. सिलिकॉन अ‍ॅव्हलांश डिटेक्टरची वेळेतली थरथर अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपास असते. दोघांची मिळून पाऊण धरा. ३ नॅनोसेकंदांची खिडकी खऱ्या जोड्यांना भरपूर होते.

खिडकी इतकी मोठी होते ती बहुधा साध्या अँड गेटमुळे. डिटेक्टरचा टीटीएल (विद्युत) स्पंद लांब असतो आणि दोन स्पंद जरा जरी एकमेकांवर आले तरी गेट 'जुळलं' म्हणतो, त्यामुळे खिडकी दोन्ही स्पंदांच्या रुंदीच्या बेरजेएवढी होते. एफपीजीए (हवी तशी जुळवता येणारी चिप) वापरत असाल तर चढत्या कडेवरून छोटा स्पंद नव्याने घडवा. टाइम टॅगर असेल तर कडांच्या वेळा नोंदवून खिडकी नंतर ठरवा. मात्र त्याआधी हेराल्ड आणि प्रत्येक डिटेक्टर यांच्यातल्या विलंबाचा आलेख काढा आणि शिखर कुठे आहे ते पाहा. कोअ‍ॅक्स केबलचा एक मीटर म्हणजे ५ नॅनोसेकंद. एका बाजूची केबल मीटरभर लांब असेल तर ३ नॅनोसेकंदांच्या खिडकीतून खऱ्या जोड्याच निसटतील आणि खिडकी लहान केल्याने सगळं बिघडलं असं वाटेल.

उरल्या सुमारे १२ तिहेरी. एवढ्या फरकाकडे सांख्यिकी चढउतार म्हणून दुर्लक्ष करता येणार नाही. एक मिनिट मोजलंत तर तिहेरींची अनिश्चितता दोन टक्क्यांच्याही आत येते. इथे संशय डिटेक्टरांच्या आपसातल्या प्रकाशाचा. अ‍ॅव्हलांश होताना, म्हणजे फोटॉन आदळून इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटताना, सिलिकॉन स्वतःच अंधुक चमकतं. ती चमक फायबरमधून उलटी फिरून स्प्लिटरमार्गे शेजारच्या डिटेक्टरवर पोचते. ओळखायची खूण अशी : स्प्लिटरनंतरच्या दोन डिटेक्टरांमधल्या विलंबाच्या आलेखात शून्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे उंचवटे दिसतात. ते किती दूर आहेत ते त्यांच्यातल्या मार्गाच्या लांबीवर ठरतं, हवेत मीटरला ३.३ नॅनोसेकंद आणि फायबरमध्ये साधारण ५. त्या दोघांमधलं फायबर लांबवा. उंचवटे सरकले तर गुन्हेगार सापडला. ही चमक रुंद वर्णपटाची असते, म्हणून ८१० चा अरुंद फिल्टर स्प्लिटरच्या आधी एकच न ठेवता प्रत्येक डिटेक्टरच्या तोंडाशी एकेक ठेवा. खिडकी ३ नॅनोसेकंदांवर आणली की उंचवटे तिच्याबाहेर राहिले तर तेवढ्यानेही काम भागेल. योगायोग आणि चमक दोन्ही हाताळल्यावर याच स्रोतातून जी-टू ०.०२ च्या आसपास यायला हवा.

आता फिल्टर. '४०५' असं लिहिलेला डायोड नेमका ४०५ वर चालतोच असं नाही, तापमानाने आणि प्रवाहाने तो सरकतो. पंप ४०४ असेल तर ८१० च्या फोटॉनचा जोडीदार ८०६ वर निघतो, कारण दोघांच्या ऊर्जांची बेरीज पंपाच्या ऊर्जेएवढी व्हावी लागते. पंप १ नॅनोमीटरने हलला की जोडीदार ४ ने हलतो. १० नॅनोमीटरच्या फिल्टरने ही चूक पोटात घातली होती. ३ च्या फिल्टरने दोन्हीकडे ८१० चीच फोड कापली, म्हणजे हेराल्डला एका जोडीतला फोटॉन मिळाला आणि त्याचा जोडीदार समोरच्या फिल्टरवर अडला. एकट्या पडलेल्या फोटॉनांचं प्रमाण वाढलं, तसा जी-टू वाढला. पंपाची तरंगलांबी साध्या स्पेक्ट्रोमीटरवर मोजा. ४०४ निघाली तर दोन्ही फिल्टर ८०८ वर हवेत. नवे घ्यायची गरज नाही : इंटरफेरन्स फिल्टर कलवला की त्याचा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो, आणि ८१० च्या फिल्टरला साधारण ८ अंशांचा कल २ नॅनोमीटर खाली आणतो. नेमका कोन फिल्टरच्या थरांवर अवलंबून असतो, तेव्हा जुळणी सर्वांत जास्त येईल तिथे थांबा.

यानंतर दोन चाचण्या कराच. पंपाच्या वाटेत हाफ-वेव्ह प्लेट ठेवून ध्रुवीकरण ९० अंशांनी फिरवा. टाइप-वन बीबीओमध्ये फेज जुळणी, म्हणजे जोड्या तयार होण्याची अट, तुटते, जोड्या थांबतात, पण पंप तसाच वाहत राहतो. तरीही डिटेक्टरांवर जे उरतं ते पंपामुळे चमकणारे भाग, गळती आणि खोलीतला उजेड. रंगीत काचेचा लाँगपास फिल्टर ४०५ च्या थेट वाटेत असेल तर तो स्वतःच चमकतो. त्याच्याआधी डायक्रोइक आरसा किंवा लेपाचा लाँगपास हवा. दुसरी चाचणी पंपशक्तीची. शक्ती पाच-सहा पायऱ्यांत कमी करत जी-टू मांडा. रेषा शून्यातून गेली तर कारण योगायोग आणि एकाच वेळी जन्मलेल्या दोन जोड्या. शक्ती निम्मी केली की जी-टू निम्मा. रेषा अक्षाला वर कुठेतरी छेदत असेल तर पंपाशी संबंध नसलेला प्रकाश किंवा डिटेक्टरांची चमक. आणि शक्ती अगदी कमी केल्यावर जी-टू पुन्हा चढू लागला तर काळोखातल्या नोंदी (प्रकाश नसतानाही डिटेक्टर देतो त्या) वरचढ झाल्या आहेत, त्यापुढे शक्ती उतरवण्यात काही मिळत नाही.

प्रश्न : क्वांटम डॉट, अर्धवाहकाचा नॅनोमीटर आकाराचा ठिपका, म्हणजे कृत्रिम अणू, एका वेळी एकच फोटॉन. मग ४ केल्विनला, रेझोनंट उत्तेजनातही (डॉटच्याच रंगाच्या लेझरने) जी-टू ०.०१ ते ०.०३ वर का अडतो? — पीएच.डी. करणारे वाचक, मूळचे अमरावतीचे, सध्या जर्मनीत

दोन मुख्य कारणं, आणि ती एकमेकांविरुद्ध ओढतात. एक, लेझरची गळती. डॉटचा फोटॉन आणि लेझर एकाच रंगाचे असल्याने रंगाने वेगळे करता येत नाहीत. लेझरच्या ध्रुवीकरणाला काटकोनात पोलरायझर लावून लेझर अडवावा लागतो. दहा लाखांत एक किंवा त्याहून चांगला अडसर मिळवायचा तर पोलरायझर आणि क्वार्टर-वेव्ह प्लेट अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत फिरवता आल्या पाहिजेत आणि संकलन सिंगल-मोड फायबरमध्येच हवं, कारण किरणाच्या कडेचा वेडावाकडा ध्रुवीकरण असलेला भाग तेच गाळतं. प्रयोगशाळेचं तापमान दिवसभरात हललं की हा अडसर ढासळतो. लांब मोजणीत पिझो रोटेटरने अधूनमधून तो पुन्हा जुळवणं सोयीचं.

दोन, पुनरुत्तेजन. स्पंद अजून चालू असतानाच डॉटने फोटॉन सोडला तर उरलेला स्पंद त्याला पुन्हा उत्तेजित करतो आणि एका स्पंदात दोन फोटॉन मिळतात. याची शक्यता स्पंदाची लांबी आणि डॉटचं आयुर्मान यांच्या गुणोत्तराने वाढते. साध्या इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड डॉटचं आयुर्मान नॅनोसेकंदाच्या घरात. प्रकाश कोंडणाऱ्या पोकळीत बसवून ते १०० पिकोसेकंदांच्या आसपास आणलं की चमक वाढते, पण २० पिकोसेकंदांचा स्पंद एकदम लांब ठरतो. ३ पिकोसेकंदांचा वापरावा तर त्याचा वर्णपट रुंद होतो, पोकळीच्या रेषेबाहेर सांडतो, अडसर कमी पडतो आणि शेजारच्या अवस्थाही जाग्या होतात. म्हणून ४-एफ स्पंद-घडणीत (रंग पसरवून फटीतून हवे तेवढेच घेण्याच्या मांडणीत) फट बदलत जी-टू मोजा. तळ कुठेतरी मध्येच सापडतो.

दोन्ही वेगळे ओळखायला डॉट बंद करून पाहा. डायोडमध्ये बसवलेला असेल तर व्होल्टेज हलवा, नसेल तर तापमानाने रेषा सरकवा. चालू असताना २० लाख नोंदी आणि बंद असताना १०,००० असतील तर गळती अर्धा टक्का, आणि जी-टूत तिचा वाटा साधारण दुप्पट, म्हणजे ०.०१. मोजलेल्या आकड्यातून तो वजा करा. उरला तो मुख्यतः पुनरुत्तेजनाचा. बॅरिअरच्या (डॉटभोवतीच्या पदार्थाच्या) ऊर्जेच्या वरून उत्तेजन देत असाल तर तिसरं कारणही असतं : आजूबाजूला साठलेले विद्युतवाहक डॉटमध्ये उशिरा शिरतात. आलेखात शून्य विलंबाला खळगा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खांदे, अशी त्याची खूण.

जी-टूच सर्वांत महत्त्वाचा असेल तर बायएक्सिटॉनचं द्विफोटॉन उत्तेजन घ्या : लेझरचे दोन फोटॉन मिळून डॉटमध्ये इलेक्ट्रॉन-होलच्या दोन जोड्या (बायएक्सिटॉन) तयार करतात, एकच जोडी म्हणजे एक्सिटॉन. लेझर बायएक्सिटॉन आणि एक्सिटॉन या दोन रेषांच्या मधोमध येतो, त्यामुळे नॉच (एकच रंग अडवणाऱ्या) फिल्टरने गाळता येतो. शिवाय पहिला फोटॉन सुटल्यावर डॉट एक्सिटॉनमध्ये अडकून राहतो, तिथून लेझर त्याला सहज वर नेऊ शकत नाही आणि पुनरुत्तेजन जवळपास थांबतं. २०१८ मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठाच्या गटाने याच मार्गाने ०.००००७५ इतका जी-टू नोंदवला. याची किंमत एकरूपतेत (फोटॉन हुबेहूब एकसारखे असण्यात) मोजावी लागते. दोन्ही फोटॉन एकामागून एक येत असल्याने त्यांच्या वेळा एकमेकींत गुंततात. बायएक्सिटॉनचं आयुर्मान एक्सिटॉनच्या निम्मं असेल तर एकरूपतेची कमाल मर्यादा दोन तृतीयांशावर येते. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : क्वांटम की वितरणासाठी द्विफोटॉन उत्तेजन, आणि अनेक फोटॉनांचं व्यतिकरण करायचं असेल तर रेझोनंट उत्तेजनच, भले जी-टू थोडा जास्त असो.

गळलेला लेझर शत्रूच असतो असंही नाही. आयोवा विद्यापीठातल्या एका सैद्धांतिक कामात तोच प्रकाश योग्य कला (फेज) आणि तीव्रतेने ठेवून डॉटमधून निघणाऱ्या जादा फोटॉनांना व्यतिकरणाने मारता येईल असं दाखवलं आहे. प्रत्यक्षात करायचं तर गळतीची कला स्थिर धरावी लागेल, आणि आजच्या अडसराच्या मांडणीत ती कोणी धरतच नाही.

प्रश्न : हिऱ्यातल्या एनव्ही केंद्रावर (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा) सामान्य तापमानाला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकातून ०.४५ जी-टू मिळाला. हे एकच केंद्र म्हणायचं का? — संशोधन सहायक, मुंबई

मुंबईत हा प्रश्न वारंवार येईल, राष्ट्रीय क्वांटम मिशनचं संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईतच आहे. दोन सारखीच तेजस्वी केंद्रं असतील आणि पार्श्वभूमी नसेल तर जी-टू ०.५ येतो, म्हणून ०.५ च्या खालचा आकडा 'एकच' म्हणून लिहिला जातो. दोन्ही सारख्याच तेजाची असतील हे मात्र कोणी सांगितलं? एक फिकं असेल तर दोन असूनही आकडा ०.५ च्या खाली जातो. तेव्हा पार्श्वभूमी मोजा : केंद्रापासून एक-दोन मायक्रॉन सरकून रिकाम्या जागी किती नोंदी येतात ते पाहा. एकूण प्रकाशात केंद्राचा वाटा ०.८ असेल तर अगदी आदर्श एकल केंद्राचाही जी-टू १ वजा ०.६४, म्हणजे ०.३६ दिसेल. तुमचा वाटा ०.८ आणि जी-टू ०.४५ असेल तर ०.०९ चा हिशेब लागत नाही. मग दुसरं फिकं केंद्र किंवा डिटेक्टरांची चमक तपासा. वाटा ०.७४ असेल तर ०.४५ पूर्ण समजतो.

पार्श्वभूमी घटवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे लेझर कमी करणं, आणि तोच लोकांना पटत नाही. केंद्र संपृक्त होतं, पार्श्वभूमी मात्र शक्तीच्या प्रमाणात वाढतच जाते. संपृक्ती शक्तीला (केंद्र आपल्या कमाल प्रकाशाच्या निम्मा देतं तिथे) केंद्राच्या ४०,००० आणि पार्श्वभूमीच्या १०,००० नोंदी असतील तर चौथाई शक्तीला केंद्र १६,००० देतं आणि पार्श्वभूमी २,५०० वर उतरते, वाटा ०.८ वरून ०.८६ आणि अपेक्षित जी-टू ०.३६ वरून ०.२५. मोजणीला वेळ जास्त लागेल, तो द्यायचा. फिल्टर ६५० चा लाँगपास ठेवा, कारण ५३२ च्या लेझरखाली हिऱ्याची रामन रेषा ५७३ वर येते आणि एनव्हीचा बहुतेक प्रकाश ६५० च्या पलीकडे असतो. इमर्शन तेल 'कमी फ्लुओरेसन्स' जातीचंच घ्या. साधं तेल हिरव्या लेझरखाली चमकतं. पृष्ठभागावरचा कार्बनी मळ सल्फ्युरिक, नायट्रिक आणि परक्लोरिक आम्लांच्या उकळत्या मिश्रणात काढतात, पण परक्लोरिकसाठीच बनवलेल्या धूर-कपाटाशिवाय आणि जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

प्रश्न : जी-टू ०.०१ असूनही दोन स्रोतांच्या फोटॉनांचं व्यतिकरण ६० टक्क्यांवरच राहतं. शुद्ध असून असं का? — वाचक, ठाणे

फोटॉन एकटा असणं वेगळं आणि त्याची वर्णपटीय अवस्था शुद्ध असणं वेगळं. जोडीतल्या दोन फोटॉनांचे रंग एकमेकांत गुंतलेले असतील तर हेराल्डची नोंद होताच उरलेला फोटॉन अनेक रंगांच्या मिश्रणात सापडतो. हे हेराल्ड न वापरता मोजता येतं : स्पंदित पंप, एकाच बाजूचा प्रकाश स्प्लिटरवर आणि त्याचा साधा जी-टू. तो १ अधिक शुद्धता एवढा येतो. १.८५ आला तर शुद्धता ०.८५, १.१ आला तर दहा वर्णपटीय मोड एकत्र वाहताहेत. फक्त डिटेक्टरची पार्श्वभूमी आधी काढा, कारण ती हा आकडा १ कडे ओढते आणि स्रोत आहे त्याहून वाईट दाखवते.

अरुंद फिल्टरने शुद्धता वाढते, पण जोडीदार हरवतात आणि हेराल्ड झाल्यावर फोटॉन हाती येण्याची शक्यता घटते. त्यापेक्षा स्फटिकच असा निवडा की पंप, सिग्नल आणि आयडलर (जोडीतले दोन फोटॉन) यांचे समूहवेग जुळतील. ऑक्सफर्डच्या गटाने २००८ मध्ये केडीपी स्फटिकात ४१५ च्या पंपाने ८३० चे फोटॉन फिल्टरशिवाय शुद्ध काढून दाखवले. दूरसंचाराच्या १५५० नॅनोमीटरसाठी ७७५ च्या पंपाखालचा पीपीकेटीपी स्फटिक हे काम करतो. त्यातही सरळ ठरावीक अंतराच्या पोलिंगमुळे (स्फटिकाची दिशा आलटून पालटून उलटवण्यामुळे) मुख्य शिखराच्या बाजूंना लहरी उरतात. पोलिंग कडेला हळूहळू विरळ करत नेलेला स्फटिक मागवला की त्या जातात. पंपाच्या स्पंदाची लांबी स्फटिकाच्या लांबीशी जुळवावी लागते, म्हणून स्फटिकाची मागणी देण्यापूर्वी लेझरची वर्णपटीय रुंदी मोजून ती पुरवठादाराला कळवा.